व्हिसावर मेंढपाळ

हेबाळकर सरांना ‘ससाणा’ करणार
ही बातमी दोह्यात पोचली तेव्हा
नजमातल्या आमच्या खोलीत माणसं सहा, मतं सात.
पेडणेकर म्हणाला, छे,
ससाणा म्हणजे गुप्तहेर! विसाव्या मजल्यावरून उडी मारतो
आणि भांग विस्कटत नाही.
हे नाटकात नुसता पाण्याचा तांब्या उचलतात
तरी शेवटच्या रांगेत कुणीतरी नाक ओढतं.

आणि मंडळाच्या प्रयोगासाठी नेमके तेच आले,
मार्चमधल्या एका गुरुवारी.
आणायला मी, गाडी कंपनीची.
वाटेत विचारलंच,
सर, जमेल का हो तुम्हाला?
त्यांनी उत्तर दिलं नाही.
उत्तर न देणं त्यांना फार सुंदर येतं.

डी रिंग रोडला पोलिसाने थांबवलं.
टॉर्च आधी त्यांच्यावर.
काम काय करता?
आता ‘नट’ म्हणायचं आणि सुटायचं.
पण सरांनी प्रश्न आत घेतला, कडी लावली,
आणि आतून म्हणाले,
काम…
त्या थांबण्यात एक थोरला भाऊ परागंदा झाला होता,
एक दुकान लिलावात निघालं होतं,
तिसऱ्या अंकाचा पडदा अर्ध्यात अडकला होता.

पोलिसाने खाली उतरवलं.
बॅग उघडली. एक शाल, ओव्याची पुडी,
नाटकाची वही; कडेला लाल पेन्सिलीने
‘इथे काहीही करू नये’.
नऊ मिनिटं.

मग टॉर्च माझ्यावर. तू?
मेंढपाळ, मी म्हणालो.
कार्डावर तेच आहे, चौदा वर्षं.
रत्नागिरीच्या एजंटकडे जो व्हिसा होता तो त्याने विकला.
मेंढी मी पाहिली ती बिर्याणीत.
एरवी गोदामात एसीच्या पाइपांचा हिशेब ठेवतो.
पोलिसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
हात हलवला. जा.

दोन सिग्नल गेले. मग सर म्हणाले,
परत म्हण.
काय?
मेंढपाळ.
म्हटलं. ते कान देऊन ऐकत राहिले,
छातीला नळी लावून डॉक्टर ऐकतो तसे.
ह्यात तू कुठेच नाहीस, म्हणाले.
हे कौतुक की काय, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सूक वाकिफला नेलं, खरे ससाणे बघायला.
डोळ्यांवर कातडी टोप्या, ओळीने बसलेले.
दुकानदार म्हणाला, ह्यांना पासपोर्ट असतो, खराखुरा.
सर म्हणाले, त्यात ‘काम’ असा रकाना असतो का?
दुकानदार हसला.
मी म्हटलं, बघा सर, काय रुबाब आहे.
ते म्हणाले, त्याला आत्ता काहीच दिसत नाहीये.
तरी आपण दोन पावलं मागे उभे आहोत.

रात्री प्रयोग झाला. मी रडलो, चारचौघांत.
आणि रडतानाच ठरवलं: नाही जमणार.
हा चेहरा फार मोठा आहे.
हेराचा चेहरा कसा, बसच्या तिकिटासारखा हवा,
उतरलं की टाकून देता येईल असा.
पेडणेकरला तसं सांगितलंही. तो खूश.

दीड वर्षाने सिनेमा लागला,
एशियन टाउनला, शुक्रवारी रात्रीचा खेळ.
पोलादी दरवाजा. दोन रखवालदार.
टॉर्च थेट ससाण्याच्या तोंडावर. कोण तू?
त्याचा डावा खांदा जरा खाली.
किल्ल्या मुठीत, कडीवर अंगठा.
नजर समोरच्याच्या डोळ्यांत नाही, शर्टाच्या दुसऱ्या बटणावर.
म्हणाला, प्लंबर.
रखवालदाराने पाहिलंसुद्धा नाही.

पेडणेकरने शिटी मारली.
मी अंधारात माझा हात पाहिला.
किल्ल्या मुठीत. कडीवर अंगठा.

चहा पितानाही मी कुणाला बोललो नाही.
म्हणजे नऊ मिनिटं रस्त्यात उभे होते
तेव्हा झडती कोण कुणाची घेत होतं?

आता कुणी काम विचारलं
की मला माझा आवाज आधी ऐकू येतो.
खांदा सरळ करावा की नको, तिथे अडखळतो.
परवा त्याच डी रिंग रोडला
मी म्हणालो,
मेंढ…
आणि थांबलो.

पोलिसाने मला खाली उतरवलं.